कृत्तिका, व्हाया वेलिंग्टन

न्यूझीलंडला जाणारी मंडळी बंजी जम्पिंग करतात, हॉबिटांची घरं बघतात, मेंढ्यांबरोबर फोटो काढतात. आम्ही मात्र एका गारठलेल्या संध्याकाळी डोंगरावरच्या घुमटात मान वर करून बसलो... आणि तिथं भेटल्या आपल्याच कृत्तिका!

‘‘जॅकेट घाल. आतून अजून एक स्वेटर घाल. आणि कानटोपी विसरू नकोस, इथला वारा बघितला नाहीयेस तू अजून.’’

वेलिंग्टनमध्ये पाऊल ठेवल्यापासून माझी मैत्रीण माझी आई झाली होती. कॉलेजमध्ये हीच मुलगी डिसेंबरच्या थंडीत बिनस्वेटरची फिरायची. आता ती इथं एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे, स्वतःचं छोटं घर आहे, बाल्कनीत कढीपत्त्याची कुंडी आहे (कढीपत्ता काही तग धरत नाहीये, पण प्रयत्न चालू आहेत). मी पंधरा दिवसांच्या सुट्टीवर तिच्याकडे गेले होते, २०२४ च्या जूनच्या शेवटी. म्हणजे तिथला ऐन हिवाळा. यादी तयार होतीच माझ्याकडे. म्युझियम, कॅफे, समुद्र, शॉपिंग.

‘‘ते सगळं नंतर,’’ ती म्हणाली. ‘‘शनिवारी संध्याकाळी आपण तारे बघायला जातोय. मातारिकी आहे.’’

मातारिकी? हे काय नवीन? एखाद्या जपानी रेस्टॉरंटचं नाव वाटलं मला. पण तिचा चेहरा काही हॉटेलात जेवायला निघालेल्या माणसाचा नव्हता.

लाल डब्यातून वर

वेलिंग्टनचा बाजार म्हणजे लॅम्ब्टन की नावाचा रस्ता. ऑफिसं, बँका, कॉफीची दुकानं, हातात कागदी कप घेऊन पळणारी आपल्यासारखीच माणसं. तिथल्याच एका बोळातून लाल रंगाची केबल कार निघते. १९०२ पासून चालू आहे. नाव केबल कार असलं तरी ती हवेत लटकत नाही, रुळावरूनच चढते. पाच मिनिटांत तुम्ही १२० मीटर वर! खाली बंदराचे दिवे, समोर डोंगरांच्या काळ्या रेघा, आणि वर उतरल्या उतरल्या जो काही वारा येतो... मनातल्या मनात मैत्रिणीची माफी मागितली आणि टोपी कानांवर ओढली.

तिथून दोन मिनिटं चाललं की बोटॅनिक गार्डनच्या माथ्यावर कार्टर ऑब्झर्व्हेटरी लागते. ‘स्पेस प्लेस’ या नावानं ती आता ओळखली जाते. चार्ल्स रूकिंग कार्टर नावाचे एक गृहस्थ होते. इंग्लंडातून आलेले, बांधकामाच्या धंद्यात पैसा कमावलेले. १८९६ मध्ये ते गेले तेव्हा मृत्युपत्रात वेधशाळेसाठी पैसे ठेवून गेले. सरकारी गती सगळीकडे सारखीच असावी, कारण वेधशाळा प्रत्यक्षात उघडली १९४१ मध्ये! मोठ्या नूतनीकरणानंतर २०१० मध्ये ती पुन्हा सुरू झाली. आत गॅलरी आहेत, दुर्बिणी आहेत आणि मधोमध एक प्लॅनेटेरियम.

आता तारांगण म्हटलं की तुमच्या-माझ्या डोक्यात काय येतं? शाळेची सहल, रांगेत उभं राहणं, एसीची थंड हवा आणि दिवे गेल्यावर मागच्या बाकावरून ऐकू येणारं घोरणं. खरं सांगते, मीसुद्धा त्याच तयारीनं खुर्ची मागं केली होती.

दिवे मंद झाले. घुमटावर वेलिंग्टनचं त्या रात्रीचं आकाश उमटलं. आणि एक माओरी मुलगी, असेल पंचवीस-सव्वीसची, अंधारात उभी राहून बोलायला लागली. रेकॉर्ड केलेला धीरगंभीर आवाज नाही, काही नाही. घरात पाहुण्यांशी बोलावं तसं.

उलटा मृग आणि हरवलेला ध्रुव

पहिला धक्का म्हणजे ध्रुवतारा नाही! विषुववृत्ताच्या खाली एवढं उतरलं की तो क्षितिजाखाली जातो. लहानपणापासून ‘अढळपद’ वगैरे ऐकलेलं. इथं अढळपदच गायब. मग दिशा कशी कळणार? तर त्यांच्याकडे आहे ‘सदर्न क्रॉस’, म्हणजे आपला त्रिशंकू. माओरी भाषेत त्याला ‘ते पुंगा’ म्हणतात. पुंगा म्हणजे नांगर. शेतातला नव्हे, होडीचा. त्याच्या शेजारचे दोन तेजस्वी तारे म्हणजे त्या नांगराचा दोर.

नांगर आहे म्हणजे होडी पाहिजेच. ती आहे आकाशभर पसरलेली. तामारेरेती नावाच्या पूर्वजाची ‘वाका’, म्हणजे होडी. वृश्चिकाची वळलेली शेपटी हा तिचा नाळेचा भाग, मृगातले तीन तारे हा मागचा भाग, त्यांना ते ‘ताउतोरू’ म्हणतात. तीच वृश्चिकाची शेपटी दुसऱ्या कथेत माउईचा गळ होते. या माउईनं समुद्रातून मासा ओढून काढला तो म्हणजे न्यूझीलंडचं उत्तर बेट. मासा आणि होडी, नांगर आणि गळ. आकाशाकडे बघून ही माणसं समुद्रच वाचत होती.

आणि का वाचणार नाहीत? सुमारे सातशे वर्षांपूर्वी यांचे पूर्वज पॅसिफिकमधल्या बेटांवरून हजारो किलोमीटरचा समुद्र ओलांडून इथं आले. होकायंत्र नाही, नकाशा नाही. कोणता तारा क्षितिजावर नेमका कुठं उगवतो, कुठं मावळतो हे पाठ. लाटांची चाल, पक्ष्यांची दिशा. ही विद्या नुसती दंतकथा नाही हे दाखवायला हेकेनुकुमाई बस्बी यांनी ‘ते औरेरे’ नावाची मोठी होडी बांधली आणि १९९२ मध्ये पारंपरिक पद्धतीनं ती थेट रारोटोंगा बेटापर्यंत नेऊन दाखवली. आपण जीपीएस बंद पडला की कोथरूडमध्ये हरवतो!

मग त्या मुलीनं नैर्ऋत्येला खाली एक झगझगीत तारा दाखवला. अतुताही. माओरींच्या दृष्टीनं फार मानाचा, पवित्र तारा, आकाशगंगेच्या पट्ट्याबाहेर वेगळा राहणारा. मैत्रीण माझ्या कानात कुजबुजली, ‘‘अगस्ती आहे तो. आपला अगस्ती.’’

अगस्ती ऋषी! विंध्य पर्वताला ‘मी परत येईपर्यंत वाकून राहा’ म्हणून सांगितलं आणि दक्षिणेला गेले ते गेलेच. अंधारात मला हसू आलं. ‘‘म्हणजे पहिले एनआरआय,’’ मी म्हटलं. ती हसली नाही. नंतर कळलं का ते.

सहा, सात की नऊ?

घुमटावरचं आकाश आता भराभर फिरायला लागलं. रात्र सरली, पहाट झाली. ईशान्येच्या क्षितिजावर ताऱ्यांचा एक छोटासा झुबका वर आला. धूसर, नाजूक, कुणीतरी मूठभर साखर सांडल्यासारखा.

‘‘मातारिकी,’’ ती मुलगी म्हणाली.

मी ताठ बसले. अहो, या तर कृत्तिका! इंग्रजीत प्लायडीज, जपानीत सुबारू (हो, त्या मोटारीच्या बोधचिन्हावरचे तारे तेच). ग्रीकांना त्या सात बहिणी वाटल्या. आपल्याकडे सहा, कार्तिकेयाला वाढवणाऱ्या सहा माता. आणि माओरी परंपरेत त्या नऊ आहेत, आणि प्रत्येकीकडे एकेक खातं आहे. अगदी मंत्रिमंडळासारखं.

मातारिकी ही आई, तिच्याकडे आरोग्य. तुपुआनुकूकडे जमिनीत पिकणारं अन्न. तुपुआरांगीकडे वरून मिळणारं अन्न, म्हणजे पक्षी आणि झाडावरची फळं. वाइतीकडे गोडं पाणी, वाइताकडे समुद्र. वाइपुनारांगीकडे पाऊस, उरुरांगीकडे वारा (वेलिंग्टनमध्ये हिचं काम सर्वांत जोरात चालतं!). सर्वांत धाकटी हिवा-इ-ते-रांगी. तिच्याकडे मनातल्या इच्छा सांगायच्या. आणि पोहुतुकावा. तिच्याकडे वर्षभरात गेलेली माणसं.

आकाशातलं हे कुटुंब पहाटे पुन्हा दिसायला लागलं की माओरींचं नवं वर्ष सुरू होतं. जाणकार मंडळी एकेक तारा निरखतात. तुपुआनुकू ठळक असेल तर शेत चांगलं, वाइता मलूल असेल तर मासेमारीला जपून. मग गरम अन्न शिजवून त्याची वाफ ताऱ्यांना अर्पण करायची. रताळं, पक्षी, गोड्या पाण्यातला ईल मासा, समुद्रातला मासा. ज्या ताऱ्याचं जे खातं, त्याला त्याचा नैवेद्य. या विधीला ‘हाउतापू’ म्हणतात. आपण कावळ्याची वाट बघतो, ते वाफेवर भरवसा ठेवतात.

आणि सर्वांत आधी गेलेल्यांची नावं घ्यायची. मोठ्यानं. त्यांची समजूत अशी की ही माणसं आता तारे होतात. मरण पावलेल्यासाठी माओरीत शब्दच आहे तसा, ‘तो तारा झाला’ अशा अर्थाचा.

‘‘ज्यांना वाटतं त्यांनी आत्ता मनातल्या मनात एक नाव घ्या,’’ ती मुलगी म्हणाली. घुमटात काही वेळ कुणीच बोललं नाही. शेजारून नाक ओढल्याचा आवाज आला. मी वळून बघितलं नाही. फक्त हात पुढं केला.

एप्रिल २०२१

बाहेर येऊन गरम चॉकलेट घेतल्यावर ती बोलली. तिचे बाबा एप्रिल २०२१ मध्ये गेले. नाशिकला. दुसरी लाट. मला ते माहीत होतं, पण पूर्ण माहीत नव्हतं.

मार्च २०२० पासून न्यूझीलंडच्या सीमा बंद होत्या. त्यात ११ ते २८ एप्रिल २०२१ या काळात भारतातून येणाऱ्यांना प्रवेश पूर्ण थांबवलेला, अगदी त्यांच्या स्वतःच्या नागरिकांनासुद्धा. ही वर्क व्हिसावर. गेली असती तर परत कधी येता येईल याची काही खात्री नव्हती, आणि पोचून तरी बाबा भेटले नसतेच. दोन दिवसांत सगळं आटोपलं होतं. अंत्यसंस्कार तिनं मोबाइलच्या स्क्रीनवर बघितले. मध्येच नेटवर्क गेलं. चित्र अडकून राहिलं.

‘‘सोमवारी मी लॉग इन केलं,’’ ती म्हणाली. ‘‘मीटिंग घेतली. काय करणार होते घरात बसून?’’

दहावा नाही, बारावा नाही, घरी येणारी माणसं नाहीत, कुणी गळ्यात पडून रडणं नाही. आईशी रोज फोन व्हायचा, पण त्या दोन दिवसांबद्दल दोघीही बोलायच्या नाहीत. मग २०२२ च्या जूनमध्ये ऑफिसला अचानक एक नवी सुट्टी आली. मातारिकी. लाँग वीकेण्ड म्हणून ती खूश झाली आणि सहज म्हणून या घुमटात येऊन बसली. तेव्हाही असंच नाव घ्यायला सांगितलं.

‘‘मला वाटलं, हे आपलं नाही. त्यांचा सण, त्यांचे तारे. मी कशी घेऊ त्यात नाव? पण घेतलं. चौदा महिन्यांत पहिल्यांदा ‘बाबा गेले’ असं मी मोठ्यानं म्हणाले.’’

सुट्टी ताऱ्यांची

ही सुट्टी मिळायलाही बराच काळ जावा लागला. २४ जून २०२२ ला पहिल्यांदा मातारिकीची राष्ट्रीय सुट्टी झाली. माओरी पंचांगावर आधारलेली ती देशातली पहिलीच सार्वजनिक सुट्टी. तारीख दर वर्षी बदलते. २०२३ मध्ये १४ जुलै, २०२४ मध्ये २८ जून. कायद्यात २०५२ पर्यंतच्या तारखा छापून ठेवल्या आहेत, म्हणजे रजेचं प्लॅनिंग करणाऱ्यांची चंगळ. आपल्याला या सरकत्या तारखांचं काय नवल? गणपती कधी आहेत हे आपणही कॅलेंडर उलटूनच बघतो. कारणही तेच, चंद्र. माओरींच्या चांद्रपंचांगाला ‘मारामाताका’ म्हणतात. मातारिकी बघायची ती साधारण कृष्ण पक्षातल्या अष्टमीच्या आसपासच्या रात्रींत.

पण सुट्टीच्या आधी ही विद्या जवळजवळ पुसली गेली होती. १९०७ मध्ये तिथं एक कायदा झाला. पारंपरिक विद्या जपणारे जे ‘तोहुंगा’, त्यांच्या कामावर बंदी घालणारा. तो रद्द व्हायला १९६२ साल उजाडलं. मधल्या दोन-तीन पिढ्यांत कितीतरी गोष्टी आजोबांकडून नातवाकडे पोचल्याच नाहीत.

एक मात्र पोचली. १८९८ मध्ये तुहोए जमातीतल्या ते कोकाऊ यांनी आपल्या मुलासोबत ताऱ्यांबद्दलचं सगळं ज्ञान एका वहीत लिहायला घेतलं. १९३३ पर्यंत लिहीत होते. चारशे पानं! त्यात सुमारे हजार ताऱ्यांची नावं आणि शंभरावर तारकासमूह. मग ही वही अनेक वर्षं एका कपाटात पडून राहिली. १९९५ मध्ये विद्यापीठात शिकणारा एक नातू मातारिकीबद्दल विचारायला आजोबांकडे गेला. आजोबा उठले, कपाट उघडलं आणि वही त्याच्या हातात ठेवली. अट एकच. हे ज्ञान वाटायचं, दाबून ठेवायचं नाही.

तो नातू म्हणजे आजचे प्राध्यापक रांगी मातामुआ. त्यांनी पुस्तक लिहिलं, गावोगाव आणि टीव्हीवर बोलले, विज्ञानप्रसारासाठी पंतप्रधानांचा पुरस्कार मिळवला आणि सुट्टीचा कायदा होताना सरकारचे मुख्य सल्लागारही तेच होते. एका कपाटातली वही, आणि त्यातून अख्ख्या देशाची सुट्टी!

सगळ्या माओरींचं यावर एकमत आहे असंही नाही, आणि ते मला फार आवडलं. पश्चिम किनाऱ्यावरच्या काही जमाती मातारिकीऐवजी ‘पुआंगा’ नावाचा तारा बघून वर्ष सुरू करतात. पुआंगा म्हणजे मृगातला राजन्य, इंग्रजीत रायजेल. त्यांच्या गावातून तोच नीट दिसतो. म्हणजे पुणे-मुंबई वादासारखं, पण प्रेमानं.

आपला मृग, त्यांची मातारिकी

‘‘सायन्स सांगू?’’ मैत्रिणीनं पेपर नॅपकिनवर गोल काढले. कृत्तिका मे महिन्यात दिसेनाशा का होतात? कारण सूर्य त्यांच्यासमोर येऊन उभा राहतो. साधारण ११ ते २५ मे या काळात सूर्य कृत्तिका नक्षत्रात असतो. मग रोहिणी. मग ७-८ जूनला मृग. तोपर्यंत सूर्य इतका पुढं सरकलेला असतो की त्याच्या आधी उगवणाऱ्या कृत्तिका पहाटेच्या अंधारात पुन्हा दिसायला लागतात.

म्हणजे बघा, ज्या दिवसांत आपला शेतकरी ‘मृग लागला का?’ म्हणून आभाळाकडे बघतो, त्याच दिवसांत दहा-बारा हजार किलोमीटरवरचा माओरी माणूस त्याच सूर्याच्या त्याच प्रवासावरून आपलं वर्ष सुरू करतो. एकाची पेरणी, दुसऱ्याचा हिवाळा. घड्याळ एकच.

‘‘बाबा निफाडचे ना,’’ ती म्हणाली. ‘‘बँकेत नोकरी केली आयुष्यभर, पण जून आला की पंचांग उघडायचे. कोणत्या नक्षत्राचं वाहन काय. बेडूक असेल तर पाऊस. आणि समासात पेन्सिलीनं लिहायचे, कोणत्या नक्षत्रात किती पडला. मी हसायचे. म्हणायचे, बाबा, हवामान खात्याची साइट बघा की! एकदाही त्यांना विचारलं नाही की हे मृग, हे आर्द्रा आकाशात असतं कुठं. इथं येऊन त्या मुलीकडून शिकले.’’

चॉकलेट गार झालं होतं.

१८६७ ची दुर्बीण

आत बोलावणं आलं. ढग फाकले होते, दुर्बीण उघडणार होती. वेलिंग्टनमध्ये ही संधी सोडायची नसते.

ही दुर्बीणही एक पात्र आहे. थॉमस कुक यांच्या इंग्लंडातल्या यॉर्कच्या कारखान्यात १८६७ मध्ये बनलेली. पितळ, लांबलचक नळी, चाकं, दोर. तिथून ती न्यूझीलंडला आली आणि हॉक्स बे भागात मीआनी इथं फादर डेव्हिड केनेडी यांनी तिच्यातून १९१० चा हॅलेचा धूमकेतू टिपला. मग ती वेलिंग्टनला आली आणि अजूनही काम करते. आपला फोन तीन वर्षांत म्हातारा होतो!

शिडीवर चढून डोळा लावला. अल्फा सेंटॉरी. नुसत्या डोळ्यांना एक दिसणारा तारा चक्क दोन झाला. शेजारी शेजारी दोन पिवळसर थेंब. सूर्य सोडला तर आपला सर्वांत जवळचा शेजार, साधारण ४.४ प्रकाशवर्षांवरचा. म्हणजे मी बघत होते तो प्रकाश निघाला २०२० मध्ये. सीमा बंद झाल्या त्या सुमाराला. मी हे मैत्रिणीला सांगितलं. ती पुन्हा शिडीवर चढली आणि मागच्या माणसानं खाकरेपर्यंत उतरली नाही.

पहाटे साडेपाच

रविवारी पहाटे साडेपाचला उठण्याबद्दल मी काय म्हणाले ते छापण्यासारखं नाही. पण गेलो. माउंट व्हिक्टोरिया, माओरी नाव मातायरांगी. १९६ मीटरची टेकडी, खाली झोपलेलं बंदर. आमच्याआधीच पाच-सहा मंडळी तिथं उभी होती. थर्मास, रजया, खांद्यावर झोपलेली पोरं. कुणी कुणाशी फार बोलत नव्हतं.

ईशान्येला ढग. उरुरांगीबाई फुल फॉर्मात. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. पायांची बोटं आहेत की नाहीत कळेना. मग वाऱ्यानंच ढगांना एक खिंड पाडली. आधी गुरू दिसला, लखलखीत. त्याच्या उजवीकडे रोहिणीचा त्रिकोण. आणि डावीकडे तो साखरेचा चिमूटभर झुबका.

घुमटातल्यापेक्षा खूप लहान. खूप फिकट. सरळ बघितलं तर निसटत होता, जरा बाजूला नजर ठेवली की दिसत होता. मी मोजल्या. सहा. आपल्या आज्यांनी बरोबर मोजल्या होत्या.

त्यांचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला सुमारे ४४० वर्षं लागतात. तो निघाला तेव्हा शिवरायांचा जन्म व्हायचा होता. तेवढ्या जुन्या उजेडापुढं कुणाचंही तीन वर्षांपूर्वीचं जाणं हे कालचंच.

मैत्रिणीनं बाबांचं नाव घेतलं. पूर्ण नाव, आडनावासकट, बँकेत हजेरी घेतात तसं. मग मी माझ्या आजीचं घेतलं. ती गेली तेव्हा मी दुसऱ्या शहरात एका डेडलाइनच्या मागं होते आणि पोचायला उशीर झाला होता. याबद्दल मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. शेजारी उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी आमच्याकडे बघून मान हलवली. भाषा त्यांना कळली नसणार. काय चाललंय ते मात्र कळलं होतं.

पाच-सात मिनिटांत ढग मिटले.

दुपारी साडेबाराला, म्हणजे नाशिकला सकाळचे सहा वाजले तेव्हा, तिनं आईला फोन लावला. मी पोहे परतत होते, त्यामुळे अर्धंच ऐकू आलं.

‘‘आई, बाबांची ती जुनी पंचांगं... समासात लिहिलेली... रद्दीत तर नाही ना घातलीस?’’

पलीकडून बराच वेळ काही नाही. मग काकूंचा आवाज, स्पीकरवर, नुकत्याच झोपेतून उठल्यासारखा.

‘‘अगं, कपाटातच आहेत. सगळी. कुणी मागितलीच नाहीत आजपर्यंत.’’

त्यानंतर त्या दोघी दीड तास बोलत होत्या. पोहे मी एकटीनं खाल्ले.

जाणार असाल तर...

● मातारिकी पहाटे दिसते ती जूनअखेर ते जुलै या काळात. सुट्टीची तारीख दर वर्षी बदलते. २०२६ मध्ये १० जुलै, २०२७ मध्ये २५ जून. विमानाचं तिकीट काढण्याआधी ती बघा.

● तारांगणाचा शो घुमटात असतो, त्यामुळे पाऊस असला तरी हुकत नाही. दुर्बिणीचं मात्र आकाशाच्या मर्जीवर. वेळा आणि बुकिंग निघण्याआधी तपासून घ्या.

● काळंकुट्ट आकाश हवं असेल तर दक्षिण बेटावर आओराकी मॅकेन्झीला जा. तिथल्या सुमारे ४,३०० चौरस किलोमीटर प्रदेशाला २०१२ मध्ये ‘डार्क स्काय रिझर्व्ह’चा दर्जा मिळाला.

● ही धार्मिक भावनेची गोष्ट आहे. कुणी नावं घेत असेल तर फ्लॅश मारू नका. शांत उभं राहिलात तर तुम्हालाही सामावून घेतात.

● न्यूझीलंडचं बजेट नाही? काही बिघडत नाही. दिवाळीनंतर कार्तिकात रात्री गच्चीवर जा. पूर्वेकडून कृत्तिका वर येतात. या महिन्याला कार्तिक म्हणतात तेच मुळी पौर्णिमेचा चंद्र त्यांच्याजवळ असतो म्हणून. मुंबईत वरळीचं नेहरू तारांगण १९७७ पासूनचं, आणि पुण्यात टिळक रोडवरच्या न्यू इंग्लिश स्कूलमधलं तर १९५४ सालचं. शाळेच्या सहलीत झोपला असाल, तर आता जागे राहून बघा.

● आणि हो, घरातलं एखादं जुनं कपाट उघडायचं राहिलंय का?